सुरतचा प्लेग, आमचं स्टेशन आणि एक बंद शटर

पोस्ट मोठी आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण वाचा.

परवा बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेताना युद्धाचा विषय निघाला. ड्रोन, मिसाईल असं सगळं झाल्यावर एकाने मला विचारलं, "भाऊ, तुम्ही पत्रकार माणूस. उद्या कुणी आपल्याकडे रोगाचे जंतू सोडले तर?" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत डोक्यात एक जुनी संध्याकाळ फिरत राहिली. जंतू कुणी सोडले की आपोआप आले, हे तर नंतर कळतं. पहिल्या दिवशी शहर काय करतं, लोक काय करतात, ते मी चौदाव्या वर्षी आमच्या स्टेशनावर उभं राहून पाहिलंय.

सप्टेंबर १९९४. मी नववीत होतो. आमचं गाव सुरत-भुसावळ लाईनवरचं. या लाईनवरच्या गावांना सुरत म्हणजे परराज्य वाटतच नाही. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, कुठलंही गाव घ्या, घरटी एक माणूस सुरतेला. कुणी यंत्रमागावर, कुणी डाईंगमध्ये, कुणी हिऱ्याच्या कारखान्यात. उधना, लिंबायतला गेलात तर गल्लीत अहिराणीच ऐकू येते. आमचे भाऊकाका, म्हणजे माझे सख्खे चुलते, वेड रोडला लूमवर होते. दिवाळीला यायचे तेव्हा साड्यांचे तुकडे नि सुतरफेणी घेऊन यायचे.

त्या दिवशी गाडी आली ती आधी आवाजानेच कळली. टपावर माणसं, दोन डब्यांच्या मधल्या जोडावर माणसं. उतरणाऱ्यांच्या तोंडाला रुमाल बांधलेले. सप्टेंबरच्या उकाड्यात रुमाल! प्लॅटफॉर्मवर आरोग्य खात्याची दोन माणसं टेबल टाकून बसली होती, समोर टेट्रासायक्लीनच्या कॅप्सूलचा डबा. कोण घेतं, कोण न बघता निघून जातं. कुणीतरी ओरडलं, "सुरतमा पलेग उना रे भो!" दुसरा म्हणाला प्लेग नाही, पाण्यात विष कालवलंय. तिसऱ्याने त्यात पाकिस्तान आणला. एका गाडीभर माणसांबरोबर तीन बातम्या उतरल्या होत्या आणि टेबलावरच्या माणसाला यातली कुठली खरी, हे सांगता येत नव्हतं. त्याला स्वतःलाच कुणी सांगितलं नसावं.

भाऊकाका त्याच गाडीने आले. आजीने त्यांना दारात घेतलंच नाही. शिव्या देऊन नाही, रडत रडत. तिच्या लहानपणी गाठीच्या रोगाच्या गोष्टी ताज्या होत्या. उंदीर मेलेला दिसला की गाव सोडून माळावर झोपड्या टाकायच्या, हे तिला कुठल्या सरकारी परिपत्रकाने शिकवलेलं नव्हतं. काका आठ दिवस मळ्यातल्या खोपटात राहिले. भाकरी मी नेऊन द्यायचो, बांधावर ठेवायची आणि मागे फिरायचं. त्यांना काही झालं नाही. आम्हालाही नाही.

आता थोडा मागचा पुढचा इतिहास सांगतो, कारण तेव्हा आम्हाला तो ठाऊक नव्हता.

सुरतेच्या आधी प्लेग आपल्याच राज्यात दिसला होता. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्टमध्ये उंदीर मरायला लागले, पिसवा झाल्या, मग माणसांच्या काखेत, जांघेत गाठी यायला लागल्या. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. मोडक्या, रिकाम्या घरांत धान्य पडून राहिलं, उंदीर वाढले, असा एक तर्क तेव्हा मांडला गेला. भारतात माणसाला प्लेग झाल्याची त्याआधीची पक्की नोंद १९६६ ची, कर्नाटकातली. मधली जवळपास तीस वर्षं कुणी प्लेगचा रोगी पाहिलेला नाही. डॉक्टरांची एक अख्खी पिढी प्लेग फक्त पुस्तकात वाचून पास झालेली. उंदरांवर, पिसवांवर लक्ष ठेवणारी जी यंत्रणा इंग्रजांच्या काळापासून होती ती रोग गेला म्हणून ढिली पडली. रोग गेला की आधी त्याचं खातं बंद होतं, ही आपली जुनी रीत.

मामल्याचा प्लेग गाठीचा होता. तो पिसवेमार्फत येतो, हळू चालतो. सुरतेत जो दिसला तो फुफ्फुसाचा. खोकल्यातून पसरतो, आणि पहिल्या दिवसभरात औषध मिळालं नाही तर माणूस सहसा वाचत नाही. औषध मिळालं तर मात्र वाचतो, आणि औषध अगदी साधं आहे, टेट्रासायक्लीन किंवा स्ट्रेप्टोमायसीन. हे 'तर' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरत त्या वेळी पंधरा लाखांवरचं शहर. पैसा धो धो, गटारं तुंबलेली. झोपडपट्ट्यांत संडास नाहीत, कचऱ्याचे ढीग उचलणारं कुणी नाही. त्या सप्टेंबरात तापीला पूर आला. सखल वस्त्यांत पाणी शिरलं, ओसरलं, मेलेली जनावरं तशीच राहिली. गणपती नुकतेच बुडाले होते. २१ सप्टेंबरला वेड रोड भागातले रुग्ण सुरतच्या न्यू सिव्हिल हॉस्पिटलात यायला लागले: जोराचा ताप, छातीत दुखणं, रक्ताची थुंकी. काही तासांत मरायला लागले. तिथल्या डॉक्टरांनी प्लेगची शंका घेतली. प्रयोगशाळेचा पक्का निकाल हाती नसताना शंका बोलून दाखवायला धाडस लागतं, ते त्यांनी दाखवलं.

पण बातमी शहरात पोचली ती नुसती 'प्लेग' एवढीच. औषध आहे, ते कुठे मिळेल, कुणी घ्यायचं, हे तिच्यासोबत पोचलं नाही. मेडिकलमधल्या कॅप्सूल बघता बघता संपल्या. आणि शहरातले बहुतेक खासगी डॉक्टर दवाखान्यांना कुलपं लावून निघून गेले. पुढच्या चार-पाच दिवसांत किती लोकांनी सुरत सोडली याचे अंदाज तीन लाखांपासून पाच लाखांच्या वरपर्यंत आहेत. सिव्हिलमधून रोगी पळू नयेत म्हणून बाहेर रॅपिड ॲक्शन फोर्सचे जवान उभे करावे लागले. दंगलीसाठी काढलेलं दल दवाखान्याच्या दारात.

बरीच वर्षं मला वाटायचं की काका प्लेगला भिऊन पळाले. एकदा विचारलं तर म्हणाले, "प्लेगचं काय रे, तिथं माणूस रोज कशानं ना कशानं मरायचा. पण आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक डॉक्टर होता. वीस रुपयात गोळ्या-इंजेक्शन. सकाळी दूध आणायला गेलो तर त्याचं शटर खाली. मी म्हटलं, हा शिकलेला माणूस पळाला म्हणजे आता काही खरं नाही. दूध तसंच ठेवलं आणि स्टेशनला निघालो."

माझ्या मते सुरतच्या प्लेगचा अख्खा इतिहास या चार वाक्यांत आहे. जंतूने माणसं मारली, पण शहर रिकामं केलं ते शटरने.

शेवटी देशभरात संशयित धरलेले रुग्ण ८७६ आणि मृत्यू ५४. एकूण मरणाचा हिशेब पाहिला तर आपल्याकडे क्षयाने, जुलाबाने त्याच महिन्यात किती गेले असतील याचा विचार करा. लाखो लोक पळूनही साथ देशभर पेटली नाही. तरी परदेशी विमान कंपन्यांनी भारताच्या फेऱ्या बंद केल्या, आखाती देशांनी दारं लावली, आपला माल अडकला. नुकसान पावणेदोन अब्ज डॉलरच्या आसपास, असा एक अंदाज सांगितला जातो.

आता टपरीवरच्या प्रश्नाकडे येतो. सुरतचे जंतू कुणी मुद्दाम सोडले, ही शंका फक्त आमच्या प्लॅटफॉर्मवर नव्हती. नंतरही बरेच दिवस 'परकीय हाता'च्या बातम्या छापून येत राहिल्या. तो प्लेग होता की दुसरंच काही, यावरही तज्ज्ञांत वाद झाला. शेवटी डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने प्लेगच असल्याचं सांगितलं. एवढा संशय माजला कारण पहिल्या आठवड्यात ठाम पुरावा हातात नव्हता. जिथे प्रयोगशाळा लवकर बोलत नाही तिथे अफवा बोलतात.

पण प्लेगचे जंतू हत्यार म्हणून वापरल्याची एक खरी गोष्ट आपल्या देशात घडलेली आहे आणि तिचा धागा मुंबईपर्यंत येतो. पाकुड नावाची जमीनदारी होती, आता झारखंडात. सावत्र भावांत इस्टेटीचं भांडण. २६ नोव्हेंबर १९३३ ला हावडा स्टेशनच्या गर्दीत धाकट्या अमरेंद्रच्या दंडाला कुणीतरी टोचून निघून गेलं. ४ डिसेंबरला तो गेला. मरणाआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासायला पाठवलं होतं, त्यात प्लेगचे जंतू निघाले. कलकत्त्यात तेव्हा प्लेग नव्हता. तपास सुरू झाला तो मुंबईला येऊन पोचला. थोरला भाऊ बिनयेंद्र याचा साथीदार डॉक्टर तारानाथ भट्टाचार्य काही महिने आधी मुंबईत येऊन गेला होता. प्लेगवर औषध शोधतोय असं सांगून त्याने हाफकिनकडे खटपट केली, मग आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात जंतूंवर काम करायची परवानगी मिळवली. दोघांना फाशी झाली, पुढे कलकत्ता हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली.

या प्रकरणात मला खुनाच्या युक्तीपेक्षा ते रक्त तपासायला पाठवणं मोठं वाटतं. ते झालं नसतं तर 'तापाने गेला' एवढंच झालं असतं.

असंच २००१ साली अमेरिकेत. टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सची पूड गेली, पाच माणसं मेली. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. आपल्याकडेही कुठे टाल्कम पावडर सांडली तरी पोलिसांना फोन जायचा. आम्ही मुलं ते हेडिंग लावून खूश. फार वर्षांनी वाचलं की पहिला रोगी सापडला तो कुठल्या गुप्तहेर खात्यामुळे नाही. फ्लोरिडातल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरने त्याच्या पाठीच्या कण्यातून काढलेलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं आणि त्याला वेगळं काहीतरी दिसलं.

आणि मागे जायचं तर १८९६ सालची मुंबई. मांडवीतल्या गोदामांच्या भागात ताप आणि गाठींचे रोगी पाहून हा प्लेग आहे असं म्हणणारे डॉ. अकासिओ व्हिएगस, मूळचे गोव्याचे. सप्टेंबरच होता. तेव्हाही सरकारला ते मान्य करायला जड गेलं आणि तेव्हाही मुंबई सोडून माणसं पळाली, निम्म्याच्या आसपास शहर रिकामं झालं असं म्हणतात. पुढच्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला. पुण्यात रँडच्या माणसांनी तो कसा राबवला आणि २२ जून १८९७ ला त्याचं काय झालं हे शाळेच्या पुस्तकात आहे, इथे लांबण लावत नाही. फक्त एवढंच, की हाच कायदा २०२० च्या मार्चमध्येही काढला होता. सव्वाशे वर्षांचा.

सुरतेचं पुढे काय झालं हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण यात नुसतं रडगाणं नाही. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी दवाखान्यांपासून सुरुवात केली नाही, झाडूपासून केली. शहराचे सहा झोन पाडले आणि प्रत्येक झोनच्या अधिकाऱ्याला जवळजवळ आयुक्ताचे अधिकार दिले. सकाळी सगळे साहेब रस्त्यावर, वॉर्डात, गटाराजवळ. दुपारी बैठक, सकाळी पाहिलं त्याचं काय केलं ते तिथेच सांगायचं. 'एसी टू डीसी' असं त्याचं नाव पडलं होतं, एअर कंडिशन सोडा आणि डेली चोअर्स म्हणजे रोजच्या कामाला लागा. रात्री रस्ते झाडायला सुरुवात झाली. घाण करणाऱ्याला दंड, घाणेरड्या हॉटेलाला सील, मालक कुणाचाही असो. झोपडपट्टीत फरशी, पाणी, संडास. दीड वर्षात, १९९६ ला, इंटॅक संस्थेने सुरतला चंदीगडनंतरचं देशातलं दुसरं स्वच्छ शहर ठरवलं. माणसं तीच, सफाई कामगार तेच.

काका तोपर्यंत परत लूमवर गेले होते. दिवाळीला आले तर सांगत होते की गल्लीत म्हैस बांधली म्हणून मालकाला दंड झाला. त्यांना फार मजा वाटली होती.

रावसाहेब गेल्यावरही सुरतेने ती घडी बऱ्यापैकी टिकवली. खासगी दवाखान्यांत कुठल्या भागातून तापाचे किती रोगी आले ही माहिती पालिकेकडे जायची सवय लागली. कागदोपत्री हे किरकोळ वाटतं. पण एका गल्लीतून एका दिवशी सात तापाचे रोगी आले, हे आठव्याच्या आधी कळणं म्हणजेच तयारी. जंतू उंदराने आणला की माणसाने सोडला, हे त्या आकड्याला माहीत नसतं.

तरी सुरत सगळं शिकली असं म्हणणार नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याच शहरात हजारो कामगार रस्त्यावर उतरले, गावी सोडा म्हणून. बरेचसे ओडिशाचे. आमच्या लाईनवर गाड्या बंद होत्या, म्हणून लोक रुळाच्या कडेने चालत आले. माझा चुलतभाऊ, भाऊकाकांचा मुलगा, नवापूरपर्यंत पायी आला. मी त्याला विचारलं का निघालास. म्हणाला, खोलीचं भाडं, खानावळ बंद, आणि कुणी सांगायलाच तयार नाही पुढे काय. गटारं स्वच्छ झाली होती, पण दुसऱ्याच्या शहरात मजुराला थांबवून ठेवणारं कारण अजूनही कुणी तयार केलेलं नव्हतं. बाप गाडीने पळाला, पोरगा पायी.

आता आपल्या गावाचं. १९९४ च्या धक्क्यातून देशात साथरोगांवर नजर ठेवायची योजना आली, २००४ पासून ती आयडीएसपी नावाने चालते. आशाताई, नर्स ताप-जुलाबाची नोंद करतात तो एस फॉर्म, डॉक्टरांचा पी फॉर्म, लॅबचा एल फॉर्म. आता ते ऑनलाईन पोर्टलवर भरतात. जिल्ह्याला एक सर्वेक्षण अधिकारी असतो, शीघ्र प्रतिसाद पथक असतं. रचना चांगली आहे, मनापासून सांगतो. आशाताई खरंच भरतात, उन्हात फिरून भरतात. पण आपल्या गावात ताप आलेला माणूस आधी कुठे जातो? कोपऱ्यावरच्या खासगी डॉक्टरकडे. आणि तो डॉक्टर या साखळीत आहे का?

टपरीवरच्या प्रश्नानंतर मी दोन ठिकाणी गेलो. एका कार्यालयात साथरोग आराखडा बघायला मागितला. बाबूंनी कपाट उघडलं, फाईल काढली, ती २०२० ची. आतल्या यादीतले तीन अधिकारी बदलून गेलेत, एक रिटायर झालेत. नवीन यादी "टेबलवर आहे" म्हणाले. कुणाच्या टेबलवर, ते सांगितलं नाही.

मग आमच्या घराजवळच्या डॉक्टरांकडे गेलो. सत्तरीचे आहेत, आमच्या तीन पिढ्यांना इंजेक्शनं दिलीयेत. त्यांना सरळ विचारलं, "डॉक्टरसाहेब, उद्या असं काही आलं तर तुम्ही थांबाल का?" रागावतील वाटलं होतं. नाही रागावले. म्हणाले, "करोनात थांबलोच होतो ना. मास्क स्वतःच्या खिशातून आणले. पण थांबून करू काय ते सांग. एका दिवसात मला चार पेशंट संशयास्पद वाटले तर फोन कुणाला करायचा? नमुना कोण नेणार, कुठे नेणार? चाळीस वर्षांत एकदाही मला कुणी येऊन हे सांगितलं नाही. तुझ्याकडे नंबर असेल तर दे."

माझ्याकडे नव्हता. दोन दिवस लागले मला, पत्रकार असून. जिल्हा सर्वेक्षण कार्यालयाचा नंबर मिळवला, कागदावर मोठ्या अक्षरात लिहिला आणि त्यांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. तिथूनच लावून बघितला. पहिल्यांदा नुसती रिंग वाजली. दुसऱ्यांदा एंगेज. तिसऱ्यांदा एका बाईंनी उचलला, नाव-गाव विचारलं, आणि म्हणाल्या, "डॉक्टरांना सांगा, रात्री केला तरी चालेल. पण हा लँडलाईन आहे, रात्री इथे कुणी नसतं. माझा मोबाईल लिहून घ्या."

तोही लिहून काचेखाली ठेवलाय. गावातल्या बाकीच्या दवाखान्यांत या आठवड्यात जाणार आहे. सोबत कुणी येणार असाल तर रविवारी सकाळी टपरीवर भेटा.